वर्गातलं चित्र भिंतीवर लागलं तेव्हा: लाइफ क्लासमधलं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायला त्यातल्या तिघांनीही होकार दिला आहे: वर्ग चालवणारे सर, चित्र काढणारा विद्यार्थी आणि मॉडेल म्हणून बसणाऱ्या मावशी. मावशींना सगळा मजकूर वाचून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी बदल सांगितले, ते केले. नावं बदलली आहेत, गावही सांगत नाही. मी स्वतः दुसऱ्या गावात चित्रकला शिकवतो. पेच पडला त्या रात्री सरांचा फोन आला होता, तेवढाच माझा संबंध. पण आपल्याकडे लाइफ क्लासबद्दल, म्हणजे समोर बसलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याच्या वर्गाबद्दल, बोलणं सुरू झालं की ते नग्नता योग्य की अयोग्य इथेच अडकतं, आणि समोर बसलेल्या बाईचं काय, हा प्रश्न राहून जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी निवृत्त कलाशिक्षक असलेले सर जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेतात. उत्तरेला खिडक्या आहेत, त्यामुळे सकाळभर उजेड फारसा हलत नाही आणि सावल्या जागच्या जागी राहतात. शनिवारी कपड्यातली पोझ असते. त्याला बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) सीईटीची तयारी करणारी १७ वर्षांची मुलंही येतात. रविवारी सकाळी न्यूड, म्हणजे नग्न मॉडेलवरून अभ्यास. त्याला १८ पूर्ण झालेलेच विद्यार्थी, आणि तेही आधी काही महिने शनिवारी बसलेले. सरांसोबत मृणालताई शिकवतात. बाई मॉडेल असेल तेव्हा त्या हजर असल्याच पाहिजेत, हा नियम पहिल्यापासून आहे.

रविवारची सुरुवात रॅपिड स्केचने होते: न्यूजप्रिंटवर कोळसा, ३० सेकंद, मग एक मिनिट, मग दोन मिनिटं. मॉडेल पोझ बदलत जाते आणि हात धावत राहतो. त्यानंतर लांब पोझ. २० मिनिटं बसायचं, ५ मिनिटं सुट्टी, परत तीच पोझ. ती अनेक रविवार चालते, म्हणून चौथऱ्यावर पावलं कुठे, तळहात कुठे टेकला, स्टुलाचे पाय कुठे, याच्या चिकटपट्टीने खुणा केलेल्या असतात.

सुलभामावशी या वर्गात बरीच वर्षं बसतात. वय पन्नाशीच्या आसपास. सकाळी दोन घरी पोळ्या करतात. मॉडेल म्हणून त्या फार चांगल्या आहेत, आणि हे नुसतं स्थिर बसण्याबद्दल म्हणत नाही. एका पायावर भार दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा त्याच बाजूला खाली उतरतो आणि पाठीचा कणा त्या दोन्हींना सांधत वळतो. हे आम्ही फळ्यावर रेघा मारून शिकवतो, त्या ते अंगाने जाणतात. नव्या मॉडेलना त्या सांगतात, "गुडघा ताठ ठेवू नको गं, चक्कर येईल." अगदी बरोबर आहे. गुडघे आवळून बराच वेळ उभं राहिलं तर पायातलं रक्त वर परतायला वेळ लागतो आणि माणूस कोसळतो. त्यांची पोझ सुट्टीनंतर पुन्हा जुळवताना खुणा पाहायची गरजसुद्धा क्वचित पडते.

घरी त्यांनी "क्लासमध्ये कामाला जाते" एवढंच सांगितलं होतं. मुलगी त्याच गावात दिलेली. सरांशी जे ठरलं ते तोंडी: दाराला आतून कडी, मोबाइल बाहेर, कपडे बदलायला वेगळी खोली, आणि मॉडेलचं नाव वर्गाबाहेर कोणी घ्यायचं नाही. हे सगळं वर्षानुवर्षं पाळलं गेलं. कागदावर उतरलेल्या चित्रांचं पुढे काय होणार, हे मात्र कधी कोणी बोललंच नाही.

न बोलण्याला मोठा इतिहास आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथे सुरुवातीचं शिक्षण प्लास्टरच्या पुतळ्यांवरून होत असे. पुढे १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य असताना जिवंत न्यूड मॉडेलवरून अभ्यास रुजला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत शिकवणारे चित्रकार थॉमस ईकिन्स यांनी १८८६ साली विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष मॉडेलचं कटिवस्त्र काढलं आणि त्यांना अकादमी सोडावी लागली. लंडनच्या रॉयल अकादमीत विद्यार्थिनींना १८९३ मध्ये लाइफ क्लासला बसू दिलं, तेही मॉडेलच्या कमरेला वस्त्र असेल या अटीवर. या सगळ्या वादांचा विषय एकच: चित्र काढायला कोणी बसावं आणि त्याने काय पाहावं. चौथऱ्यावरच्या माणसाने कशाला हो म्हटलं आहे आणि कशाला नाही, हे कलाशाळांच्या नियमात फार उशिरा आलं. गावोगावच्या खासगी वर्गांत तर बहुतेक ठिकाणी अजून आलेलं नाही.

निहार हा २३ वर्षांचा विद्यार्थी. दिवसा छापखान्यात डिझाइनचं काम करतो. त्याचा हात साम्य पकडण्यात विलक्षण आहे. त्या हिवाळ्यात त्याने मावशींची एक लांब पोझ केली. स्टुलावर बसलेली पाठमोरी आकृती, डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहणारा चेहरा. फुल शीटवर कोळसा. पाठीच्या खळग्यातली सावली, खांद्याच्या पात्याची कड, कमरेवरच्या दोन घड्या, सगळं न लाजता आणि न सजवता काढलेलं. मी ते नंतर पाहिलं. गेल्या अनेक वर्षांत विद्यार्थ्याच्या हातचं इतकं चांगलं फिगर ड्रॉइंग माझ्या पाहण्यात नाही.

यात शिकवण्याच्या पद्धतीचाही भाग आहे. सर जुन्या शिस्तीचे. डोकं हे माप धरायचं, उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, त्यामुळे आधी डोकं पक्कं करायचं आणि मग खाली उतरायचं. या पद्धतीत पहिल्याच रविवारी चेहरा तयार होतो. पुढचे सगळे रविवार विद्यार्थी त्याच्याकडे परत परत जातो, आणि साम्य घट्ट होत जातं.

अडचण

जानेवारी २०२५ मध्ये वर्गाचं वार्षिक प्रदर्शन गावातल्या सभागृहात लागलं. पाच दिवसांचं. सरांनी निवडलेल्या चित्रांत सहा न्यूड होती. निहारचं चित्र दारासमोरच्या भिंतीवर, कारण ते सर्वांत चांगलं होतं. चौकटीखाली फक्त "अभ्यास, कोळसा" आणि निहारचं नाव.

उद्घाटनाचा फोटो दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात आला. दीप लावणाऱ्या पाहुण्यांच्या मागे ते चित्र स्पष्ट दिसत होतं. निहारनेही ते इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. दुपारी मावशींच्या दिराच्या मुलाने फोटो पाहिला आणि तो थेट सभागृहात आला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहून त्याने सरांना विचारलं, "ही आमची काकू आहे का?"

सर म्हणाले, "वर्गात कोण बसतं ते आम्ही बाहेर सांगत नाही." मुलगा काही न बोलता निघून गेला. संध्याकाळपर्यंत मावशींच्या मुलीच्या सासरी बातमी पोचली. मावशींचा फोन बंद. रात्री आठच्या सुमारास दुसऱ्या मॉडेल शकूताई निरोप घेऊन आल्या: "सुलभाने सांगितलंय, मी आता यायची नाही, सरांनी रागावू नये."

त्याच संध्याकाळी वॉर्डातले तीन जण सभागृहात येऊन गेले होते. त्यांना मावशींबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की प्रदर्शन पाहायला शाळेतली मुलं येतात, तेव्हा सगळी नागडी चित्रं उद्या दुपारपर्यंत उतरवा, नाहीतर आम्ही उतरवू.

म्हणजे एकाच रात्री दोन मागण्या आल्या. एक बोलून दाखवलेली आणि धमकीची. दुसरी कोणी बोलून न दाखवलेली, पण खरी. दोन्हींत चित्र उतरवावं असंच वाटत होतं, आणि पेच नेमका तिथे होता. चित्र उतरवलं तर धमकीपुढे मान तुकवल्यासारखं दिसणार. न उतरवलं तर ज्या बाईने वर्षानुवर्षं या वर्गाला शिकवलं तिला उघड्यावर ठेवल्यासारखं होणार.

समोरचे पर्याय

त्या रात्री सर, मृणालताई आणि निहार वाड्यात बसले होते. मी फोनवर होतो.

निहारचं मत ठाम होतं. चित्र राहिलं पाहिजे. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींना पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, ती त्यांनी उतरवली नाहीत. अटक झाली, खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना सोडलं. त्याने ऑक्टोबर २०२४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही वाचून दाखवला. चित्रकार सूझा आणि पदमसी यांची चित्रं कस्टमने अश्लील ठरवून अडकवली होती. न्यायालयाने ती सोडायला सांगितली आणि प्रत्येक न्यूड अश्लील नसतं हे स्पष्ट केलं. भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमातही कलेच्या हितासाठी केलेल्या कामाला अपवाद आहे. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढणारा. मॉडेलचा त्यावर मालकीहक्क नाही.

त्याचं हे सगळं बरोबर होतं. वॉर्डातल्या माणसांना देण्यासाठी ते पुरेसं उत्तरही होतं. पण पदमसींना चित्र उतरवायला सांगणारे पोलीस होते. इथे प्रश्न चित्रातल्या बाईचा होता आणि तिच्यासाठी यातलं एकही कलम उत्तर नव्हतं. मी फोनवर हेच म्हटलं, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

दुसरा पर्याय सरांचा: सहाही न्यूड उतरवायची. त्यांना भांडण नको होतं आणि उरलेल्या मॉडेलचीही काळजी वाटत होती. मृणालताईंनी याला कडाडून विरोध केला. बाकीच्या पाचांपैकी तीन चित्रांत चेहराच नव्हता, दोन पुरुष मॉडेलची होती आणि त्या गृहस्थांच्या घरी सगळं माहीत होतं. ती उतरवणं म्हणजे या वर्गात काहीतरी लपवण्यासारखं चालतं असं आपणच जाहीर करणं. मग ज्या बाया अजून बसायला येतात त्यांनी घरी काय सांगायचं? माझ्या मते त्या रात्रीचं सर्वांत महत्त्वाचं बोलणं हेच.

तिसरा पर्याय चेहऱ्यावर कागद लावण्याचा निघाला. तो लगेच मागे पडला. झाकलेला चेहरा लोक जास्त शोधतात. शिवाय चेहरा झाकून नग्न शरीर तेवढं उघडं ठेवणं हे मावशींना उघडं ठेवण्यापेक्षाही वाईट.

चौथा पर्याय: फक्त निहारचं चित्र उतरवायचं, बाकी राहू द्यायची आणि वॉर्डातल्या माणसांना बाकीच्या चित्रांबद्दल स्पष्ट नकार द्यायचा. सगळे हळूहळू इथे आले. पण मृणालताईंनी एक अट घातली. आधी मावशींना विचारायचं. त्यांना न विचारता चित्र लावलं, आता न विचारताच उतरवलं, तर दोन्ही वेळा त्यांच्याबद्दल आपणच ठरवलं असं होईल. शिवाय रात्रीतून चित्र गायब झालं तर पुतण्याला त्याचं उत्तर आपोआप मिळणार, हाही विचार होता.

निहार चिडला होता. पोर्टफोलिओ आणि राज्य कला प्रदर्शन, दोन्हींसाठी त्याला हे चित्र हवं होतं. त्याचा राग मला रास्त वाटतो. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. वर्गाने त्याला जे शिकवलं, तेच त्याने उत्तम केलं होतं.

काय केलं

सकाळी मृणालताई आणि शकूताई मावशींना भेटायला गेल्या. कुठे भेटायचं, यावरही आधी बोलणं झालं होतं. घरी जाणं म्हणजे घरच्यांसमोर सगळं पक्कं करणं. म्हणून ज्या घरी मावशी पोळ्या करतात तिथून त्या बाहेर पडल्यावर, रस्त्याकडेच्या रसवंतीच्या बाकावर त्या भेटल्या.

मृणालताईंनी तीनच गोष्टी विचारल्या. चित्र ठेवायचं का उतरवायचं? घरच्यांना कोणी काही सांगायला हवं आहे का? आणि तुम्हाला स्वतःला काय हवं आहे?

मावशी पहिल्यांदा म्हणाल्या, "ताई, ते चित्र मी पाहिलेलंच नाही." हे खरं होतं. सुट्टीत पाणी पिताना ईझलवर ओझरतं काही दिसलं असेल तेवढंच. मोबाइलवर त्यांनी ते पाहिलं, दोन बोटांनी मोठं केलं, परत लहान केलं. "नाक माझंच आहे. पाठ मी कधी बघितली नव्हती." थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, "उतरवा. पण फाडू नका. पोरानं इतके रविवार घातलेत. आणि सरांना सांगा, मला कामावरनं काढू नका, थोडे दिवस जाऊ द्या." घरच्यांचं त्या स्वतः बघणार होत्या. सरांनी मध्ये पडू नये असंही त्यांनी बजावलं.

यातलं "कामावरनं काढू नका" हे मृणालताईंना फार लागलं. आपल्यामुळे यांचं नुकसान झालं असं वर्गातले सगळे समजत होते, आणि मावशींना भीती होती की आपल्यामुळे वर्गाला त्रास झाला म्हणून आपली रोजी जाईल.

पुढची कामं घाईने पण क्रमाने झाली. सरांनी पोलीस ठाण्यात जाऊन प्रदर्शनाची आणि आलेल्या धमकीची लेखी माहिती दिली. वॉर्डातले लोक दुपारी आले तेव्हा त्यांना उच्च न्यायालयाच्या निकालाची छापील बातमी दाखवली. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आतल्या दालनापाशी पाटी लावून न्यूड चित्रं तिकडे हलवू, पण उतरवणार नाही, असं सांगितलं. वाद झाला, आवाज चढले. शेवटी पाटी आणि आतलं दालन यावर ते गेले आणि परत आले नाहीत. सगळी मांडणी बदलायची म्हणून सभागृह दोन तास बंद ठेवलं. त्या बदलात निहारचं चित्र निघालं. जागा रिकामी राहिली नाही आणि एकच चित्र गेलं असंही दिसलं नाही. ही युक्ती शकूताईंची.

त्या जागी निहारच्याच रॅपिड स्केचचा एक मोठा कागद लावला. एक-एक मिनिटाच्या वीसेक आकृत्या, चेहरा एकीलाही नाही. गंमत अशी की बऱ्याच जाणत्या लोकांना तो कागद अधिक आवडला. वजन कुठल्या पायावर आहे, अंग कुठे पिळलं आहे, एवढंच त्यात आहे आणि तेवढ्यात सगळं आहे.

इन्स्टाग्रामवरून निहारने चित्र काढलं. ज्यांनी पुढे पाठवलं होतं त्यांच्यापैकी ओळखीच्यांना फोन केले. दैनिकाच्या कार्यालयात मृणालताई गेल्या. संकेतस्थळावरचा फोटो दैनिकाने बदलून दिला, छापील अंक तर घरोघरी गेलेलाच होता. ठरलेल्या पोझचे जे रविवार उरले होते त्यांचे पैसे सरांनी शकूताईंच्या हाती मावशींना पोचवले.

काय निष्पन्न झालं

मावशी साधारण दोन महिन्यांनी परत आल्या, पण फक्त शनिवारी, नऊवारीत. रविवारी बसणार नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं आणि कोणी कारण विचारलं नाही. मुलगी बरेच दिवस बोलत नव्हती. आता बोलते, पण सासरी आईला बोलावणं येत नाही. हे भरून निघालेलं नाही, आणि निघेल असं मी लिहू शकत नाही.

दुसऱ्या एका मॉडेलने वर्ग कायमचा सोडला. तिचं चित्र प्रदर्शनात नव्हतंही. तिला एवढंच कळलं की असं होऊ शकतं.

निहारने काही आठवडे वर्गाला दांडी मारली. मग चित्राचं काय करायचं हे त्याने मृणालताईंमार्फत मावशींनाच विचारलं. त्यांचं उत्तर नेमकं होतं: "मास्तर लोकांना दाखव, भिंतीवर लावू नको." म्हणून ते पोर्टफोलिओत आहे, मुलाखतीत टेबलावर उघडलं जातं, फोटो काढू दिला जात नाही. राज्य प्रदर्शनाला त्याने दुसरं काम पाठवलं.

वर्गाने बरंच बदललं. आता मराठीत एक पानी होकारपत्र आहे आणि ते मॉडेलला वाचून दाखवतात. त्यात प्रश्न वेगवेगळे विचारलेले आहेत: बसायला हो का, विद्यार्थ्यांनी चित्र घरी नेलेलं चालेल का, चेहरा ओळखू येईल असं चित्र प्रदर्शनात लावलेलं चालेल का, इंटरनेटवर किंवा छापील टाकलेलं चालेल का. प्रत्येकाचं उत्तर वेगळं देता येतं आणि चित्र भिंतीवर लागेपर्यंत बदलता येतं. प्रदर्शनाची निवड झाली की चित्रातल्या मॉडेलला ती चित्रं आधी दाखवतात. मोबाइल दाराशी पेटीत जातात. अंगाचा खासगी भाग संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, हे पेटीवरच लिहिलं आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या बाईलाही कर्मचारी मानतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या समितीचा पत्ता कपडे बदलायच्या खोलीत लावला आहे.

आणि सरांनी शिकवण्याचा क्रम बदलला, जो या वयात बदलणं मला फार मोठं वाटतं. रविवारी आता सुरुवात कंबरेपासून होते: श्रोणीचा (कंबरेच्या हाडांचा) कल, मग छातीच्या पिंजऱ्याचा, त्या दोघांमधला पीळ, आणि डोकं शेवटी, साध्या ठोकळ्यासारखं. चेहऱ्याचा अभ्यास शनिवारी वेगळा होतो, कपड्यातल्या मॉडेलवरून, तिला सांगून.

वेगळं काय करता आलं असतं

पुतण्याने विचारलं त्या क्षणाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. सरांनी खोटं बोलायला हवं होतं असं निहार म्हणतो. मला तसं वाटत नाही. चित्र इतकं हुबेहूब होतं की "नाही" हे उत्तर टिकलं नसतं, आणि पुढे मावशींनाही त्याच खोट्याला धरून राहावं लागलं असतं. पण "सांगत नाही" हे उत्तरही त्या दिवशी "हो" असंच ऐकू आलं, कारण ते पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. प्रदर्शनाच्या दाराशी पहिल्या दिवसापासून पाटी असती की चित्रातल्या कोणाचीही ओळख हा वर्ग सांगत नाही, कपड्यातल्या चित्रांचीही नाही, तर त्याच वाक्याचा अर्थ तेवढाच राहिला असता. आता ती पाटी आहे.

दुसरा मुद्दा चित्राच्या निवडीचा. सरांनी चित्र गुणवत्तेवर निवडलं आणि ते योग्यच. पण निवड करताना ते चित्राकडे शिक्षक म्हणून पाहत होते. खांद्याचं पातं बसलंय का, छाया एकसंध आहे का. हे कोण आहे ते गावात ओळखतील का, हा प्रश्न गावाबाहेरच्या कोणाला विचारता आला नसता. तो मावशींनाच विचारायला हवा होता, आणि त्या दर रविवारी तिथेच होत्या. चित्रकार हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या प्रसिद्ध चित्रामध्ये हातात समई घेतलेली मुलगी म्हणजे त्यांची कन्या गीता, हे आपण आनंदाने सांगतो. घरची मुलगी चित्रात आली की तिला नाव मिळतं. रोजावर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला "अभ्यास" येतो. काहींना तसंच हवं असतं, काहींना नावही आवडेल. शकूताईंनी होकारपत्र झाल्यावर आपलं नाव चित्राखाली लिहायला सांगितलं, आणि पुढच्या प्रदर्शनात ते लिहिलं जाणार आहे.

पैशांवर सर आणि मी अजून भांडतो. ओळखू येणारं चित्र प्रदर्शनात लागलं तर मॉडेलला जास्तीचं मानधन द्यावं असं माझं म्हणणं. चित्र विकलं गेलं तर त्यातलाही वाटा द्यावा. सरांना भीती आहे की गरजेपोटी बाई हो म्हणेल आणि घरी तेच पुन्हा होईल. भीती खरी आहे. पण फुकट हो म्हणवून घेणं त्याहून बरं कसं, हे मला पटत नाही. सध्या मधला मार्ग असा निघाला आहे की लांब पोझचं मानधन सगळ्यांचंच वाढवलं, चित्र लागो न लागो. मावशींना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाढवलंत ते बरं केलं. पण चित्र विकलंत तर सांगा तरी."

उरला प्रश्न जुन्या कामांचा. वाड्यातल्या दोन कपाटांत कितीतरी वर्षांच्या बॅचची चित्रं आहेत, आणि तेवढीच विद्यार्थ्यांच्या घरी गेलेली आहेत. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना कोणीच काही विचारलेलं नव्हतं. मृणालताई आणि शकूताई आता एकेकीला शोधून भेटत आहेत. ज्या सापडतात त्यांना चित्रं दाखवतात आणि त्या सांगतील तसं चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवतात. ज्या सापडल्या नाहीत त्यांची ओळखू येणारी चित्रं वर्गात शिकवायला वापरायची, बाहेर लावायची नाहीत, असं ठरलं आहे. जुन्या विद्यार्थ्यांनाही सरांनी तसं पत्र पाठवलं. काहींनी उत्तर दिलं, काहींनी दिलेलं नाही. ज्यांनी दिलं नाही त्यांना निहार स्वतः फोन करतो आहे.